गूळ किती, हवा किती

सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या जलाशयात सोडलेली कटला-रोहूची बोटुकली आपलं पोट आपणच भरतात आणि त्यांची घाण त्या अफाट पाण्यात विरून जाते. हिंगोलीच्या एखाद्या शेतात ताडपत्रीच्या टाकीत मासा पाळायचा म्हटलं, की ही सोय संपते.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा टाक्यांमधल्या ‘बायोफ्लॉक’ मत्स्यपालनाच्या छोट्या युनिटला अनुदान मिळतं. युनिट म्हणजे चार मीटर व्यासाच्या सात टाक्या, प्रकल्प खर्च साडेसात लाख. टाकीत मीटरभर पाणी धरलं तर ते साडेबारा हजार लिटर भरतं. खाद्यातल्या नायट्रोजनचा जेमतेम चौथा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. उरलेला बहुतांश अमोनिया होऊन याच पाण्यात साचतो.

त्यावर उतारा गुळाचा. पाण्यातल्या जिवाणूंना नायट्रोजन आयता मिळतो, कार्बन मात्र कमी पडतो. गुळातून तो मिळाला की ते अमोनिया ओढून घेत वाढतात आणि त्यांच्या तपकिरी गुठळ्या तयार होतात. हाच फ्लॉक. तळ चाळून खाणाऱ्या सायप्रिनस माशाला तो चांगला मानवतो. इस्रायलचे शास्त्रज्ञ योराम अव्निमेलेख यांनी 1999 मध्ये याचं गणित मांडलं: 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन जिरवायला सुमारे 20 ग्रॅम कर्बोदकं.

टाकीकाठी हे गणित सोपं होतं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, किटमधले थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. लिटरमागे 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निघाला, तर अख्ख्या टाकीत साडेबारा ग्रॅम. त्याच्या वीसपट म्हणजे 250 ग्रॅम कर्बोदकं. गुळात ओल असते, म्हणून गूळ थोडा जास्त, पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. तो बादलीत विरघळवून, गाळून, हवेच्या पंपाचे बुडबुडे उसळतात तिथे ओतायचा. बोअरच्या पाण्याचा सामू चढा असेल तर चालढकल नको: सामू 7 वरून 8 वर गेला, की विषारी अमोनियाचं प्रमाण सुमारे नऊपट होतं.

पण गुळावर पोसलेले जिवाणू प्राणवायूही तितकाच ओढतात. वीज गेली आणि इन्व्हर्टर दगा देऊन बसला, तर पंप थांबतो आणि थोड्याच वेळात मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागतात. अशा वेळी गूळ टाकणं म्हणजे आगीत तेल.

म्हणून शंकूच्या आकाराचं लिटरभर मापाचं भांडं हाताशी असतं. पाणी अर्धा तास निवळू दिलं, की तळाशी बसलेला फ्लॉक मोजता येतो. तो 25 ते 40 मिलिलिटर असला तर ठीक. 50 च्या वर गेला तर कल्ले भरतात. मग गूळ बंद आणि मधल्या नळातून गाळ बाहेर.

काही आठवड्यांत अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणूही जम बसवतात. गुळाची गरज घटते, पण हे जिवाणू पाण्याची क्षारता संपवतात आणि सामू घसरायला लागतो. तेव्हा बादलीत गुळाऐवजी खायचा सोडा किंवा चुना कालवावा लागतो.