उलट्या ग्लासातली हवा

घरातलं विज्ञान : लेखांक ७

हवेला वजन असतं, हे मागच्या लेखात पाहिलं. आज तिला कामाला लावू. मोरीपाशी उभे राहा. काचेचा ग्लास अर्धा भरा, तोंडावर जुन्या लग्नपत्रिकेचा गुळगुळीत पुठ्ठा ठेवा. तो तळहाताने दाबून धरत ग्लास उलटा करा आणि हात अलगद काढून घ्या. पुठ्ठा जागचा हलत नाही आणि पाणीही सांडत नाही.

शाळेत याचं उत्तर एका वाक्यात मिळतं : हवा खालून दाबते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ तो सहज तोलतो, तिथे ग्लासातलं ६ सेंटिमीटर पाणी म्हणजे कुठल्या झाडाचा पाला!

पण अर्ध्या ग्लासात पाण्याच्या वर हवाही कोंडलेली आहे. झाकताना तिचा दाब बाहेरच्या हवेइतकाच होता. म्हणजे तीही वरून तितक्याच जोराने रेटणार. दोन्ही दाबांची फिटंफाट झाली, तर पाण्याचं वजन कोण पेलतं?

ग्लास उलटला की पाणी केसभर खाली सरकतं. पुठ्ठ्याला किंचित फुगवटा येतो, काठावरून दोन-चार थेंब निसटतात. आतली हवा तेवढी पसरते आणि तिचा दाब उतरतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम हाच : तापमान तेच असेल, तर हवेचं आकारमान वाढेल त्या प्रमाणात दाब घटतो. ६ सेंटिमीटर पाणी तोलायला आतला दाब जेमतेम ०.६ टक्का कमी व्हावा लागतो. वर हवाही ६ सेंटिमीटर असेल, तर पाणी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतकं खाली आलं की भागतं.

मात्र त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरली, तर सगळं पाणी पायावर! ही फट पाणी स्वतःच बुजवतं. ओला काठ आणि पुठ्ठा यांच्यामधली पाण्याची कड पृष्ठताणामुळे ताणलेल्या पडद्यासारखी राहते आणि हवेला वाट देत नाही.

मग पुठ्ठ्याशिवाय का जमत नाही? उघड्या तोंडाशी पाण्याचा पृष्ठभाग जरासा डगमगतो. तोंड सेंटिमीटरभराहून रुंद असेल, तर पृष्ठताणाला ती लहर आवरत नाही. एकीकडून हवेचा बुडबुडा वर चढतो, दुसरीकडून पाणी कोसळतं. अरुंद स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने बंद केलं, की पाणी आत अडून राहतं ते यामुळेच.

आता ग्लासाच्या तोंडावर पातळ सुती रुमाल ताणून रबराने बांधा. वरून पाणी ओता, ते रुमालातून मुकाट आत जाईल. ग्लास झटकन उलटा धरा, थोडं सांडून बाकीचं थांबेल, कारण विणीचं प्रत्येक छिद्र आता एक बारीक तोंड आहे. ग्लास तिरका केलात, तर वरच्या बाजूने हवा शिरेल आणि खालच्या बाजूने धार लागेल.

पाणी तोलण्याची हवेची ताकद साधारण १० मीटरला संपते. खोल विहिरीवरचा पंप काठावर न ठेवता पाण्यात का सोडावा लागतो, ते पुढच्या आठवड्यात.