पेटीतल्या बाळाच्या रक्तात जंतू कुठून आले?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळे दगावली. मंत्री धावले, चौकशी झाली. आग दिसते, धूर दिसतो. परंतु अशाच कक्षात पेटीत ठेवलेले बाळ रक्तातल्या जंतूंमुळे जाते, तेव्हा धूर निघत नाही. बाप कागदावर सही करतो, बाळ कपड्यात गुंडाळतो आणि आर्वीची नाहीतर हिंगणघाटची एसटी धरतो. शेजारी म्हणतात, नशीब!

नशीब कसले? कारणाशिवाय काही घडत नाही, असे तथागतांनी सांगितले. मग कारण विचारा.

आईकडून मिळणारी प्रतिकारशक्ती बाळाला गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत मिळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती पुरेशी लाभत नाही. त्यात शिरेत सुई, नाकात नळी, व्हेंटिलेटर. काही जंतू बाळंतपणातच येतात. काही न धुतलेल्या हातांनी, एका पेटीत दोन बाळे ठेवल्याने. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतील अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. संसर्गाची सुमारे दोन तृतीयांश प्रकरणे जन्मानंतरच्या ७२ तासांतलीच होती. असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू आघाडीवर होते आणि असिनेटोबॅक्टर तर बहुतेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता.

याचे खापर परिचारिकेवर फोडणारे पुष्कळ आहेत. रात्रपाळीत एकटी बाई डझनभर बाळे सांभाळणार असेल, तर दर बाळामागे हात धुणार कधी? पदे भरणे तिच्या हातात नाही.

हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना तयार केले. संसर्ग ओळखणे, घरीच इंजेक्शन देणे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापले. झोपडीत हे होते. मग सेवाग्राम आणि सावंगी येथे दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या आपल्या वर्धा जिल्ह्यात दर नवजात कक्षाचा हिशेब लोकांसमोर का येऊ नये? दर महिन्याला किती बाळांचे रक्त कल्चरला गेले, किती अहवालांत जंतू निघाले, कोणते, किती बाळे गेली, एवढा फलक दारावर लावायला निधी लागत नाही.

स्वतः चार लेकरे गमावलेल्या बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेताना, हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे मांडले. वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात म्हटले. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाची तपासणी, औषध व रक्त मोफत आहे. कल्चरसाठी तिथे पैसे मागितले तर पावती मागा.

आणि केसपेपर? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने वा नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आंतररुग्णाची नोंद तीन वर्षे जपावी लागते. कल्चरचा अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो, कधी बाळ गेल्यावर. तोही मागा. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख टाका आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.