मजुरी आणि कृपा

शिंदखेडा तालुक्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू असते. वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो आणि किलोमागे ठरलेल्या दराने मजुरी मिळते. इथे कोणी कोणाचे उपकार मानण्याचे कारण नाही; ते घामाचे दाम असते. ख्रिस्ती धर्मातील ‘कृपा’ समजून घेताना हा काटा डोळ्यासमोर ठेवावा. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात हाच भेद केला आहे. काम करणाऱ्याची मजुरी हे त्याचे येणे असते, तिला कृपा म्हणता येत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून मजूर लावतो. काहींना तर दिवस संपायला तासभर उरला असताना. संध्याकाळी तो सर्वांना सारखाच एक दीनार देतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. आपल्याकडच्या मजुरालाही ही तक्रार रास्त वाटेल. पण त्यांचे ठरलेले पैसे बुडालेले नाहीत. दीनार म्हणजे तेव्हाचा एका दिवसाचा रोज. तासाचेच पैसे मिळाले असते, तर शेवटच्या मजुराच्या घरी त्या रात्री सगळे पोटभर जेवले नसते. मालकाने काम मोजले नाही, गरज पाहिली. देवाची दया अशी असते, हे या गोष्टीचे सांगणे.

ग्रीक मी घरीच, कोशांच्या आधाराने शिकलो. पौल कृपेसाठी ‘खारिस’ हा शब्द वापरतो आणि आभारासाठीही अनेकदा तोच. मराठीत मात्र ‘उपकार’ म्हटले की मिंधेपणा येतो, फेडण्याची भाषा येते. कृपा फेडता आली, तर ती पुन्हा मजुरीच होईल. मग कृतज्ञ माणसाने करायचे काय?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. मधल्या काळात, १८९६-९७च्या दुष्काळात, मध्य प्रांतातल्या उपाशी मुली-बायकांना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातून वाढले. त्या मुलींकडे द्यायला काहीच नव्हते. ज्या दयेवर आपण उभ्या आहोत, असे रमाबाई मानत होत्या, तीच त्यांनी पुढे दिली.

कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. देवाची सेवा आणि महिन्याचा पगार यांची सांगड त्यांनी स्वतःपुरती तोडली.

दया फुकटच मिळणार, तर नीट का वागावे? हा प्रश्न पौलालाही ठाऊक होता. त्याच पत्राच्या ६व्या अध्यायात तो स्वतःच तो विचारतो. त्याचे उत्तर असे, की कृपा मिळालेला माणूस पापाच्या चाकरीतून सुटलेला असतो. सुटलेल्याने पुन्हा त्याच धन्याकडे कशाला जावे?