खोटे, दुर्गा

खोटे, दुर्गा : (१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी व हिंदी चित्रपटांतील, तसेच मराठी रंगभूमीवरील एक श्रेष्ठ अभिनेत्री. माहेरचे आडनाव लाड. जन्म मुंबई येथे मूळच्या गोव्याकडील एका सुखवस्तू व सुशिक्षित कुटुंबात. वडिलांचे नाव पांडुरंग व आईचे मंजुळाबाई. बालपण मुंबईच्या कांदेवाडीतील मोठ्या एकत्र कुटुंबात गेले. शिक्षण कॅथीड्रल हायस्कूल व सेंट झेव्हिअर महाविद्यालय ह्या संस्थांत झाले. विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना बकुल व हरिन असे दोन मुलगे झाले. विवाहसमयी संपन्न असलेल्या सासरच्या घराण्याची आर्थिक स्थिती पुढे खालावली आणि घरखर्चास हातभार लावणे दुर्गाबाईंना भाग पडले. पतीच्या अकाली निधनानंतर मुलांच्या संगोपनाचा सर्व भार त्यांच्यावर आला. चित्रपटव्यवसायात त्यांचा प्रवेश झाला तो हौसेपोटी नव्हे, तर चरितार्थासाठी, ही गोष्ट त्यांच्या कारकीर्दीचा विचार करताना ध्यानात घ्यावी लागते.

त्या काळी चित्रपटात काम करणे हे कुलीन स्त्रीस कमीपणा आणणारे मानले जाई. राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटासाठी दादासाहेब फाळके यांना तारामतीच्या भूमिकेकरिता स्त्री मिळू शकली नाही. ती भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली. त्याच वर्षीच्या मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या खऱ्या. तथापि पुढील दोन दशकांतही मध्यमवर्गीय समाजाच्या दृष्टिकोनात फारसा फरक पडला नाही. मोहन भवनानी यांच्या फरेबी जाल (१९३१) या चित्रपटात दुर्गाबाईंनी एक लहानशी भूमिका केली. तो चित्रपट अयशस्वी ठरला आणि प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने असे काम पतकरल्याबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली. त्यांची कारकीर्द तेथेच संपुष्टात येण्याची शक्यता होती.

त्याच सुमारास कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने आपला पहिला बोलपट काढण्याचे योजिले होते. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या अयोध्येचा राजा (१९३२) बोलपटात तारामतीची भूमिका दुर्गाबाईंना देण्यात आली. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली होती. मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेल्या या बोलपटाला मोठे यश लाभले. आज उपलब्ध असलेल्या मराठी बोलपटांत तो सर्वांत जुना होय. एकोणीस वर्षांपूर्वी पुरुष नटास करावी लागलेली भूमिका महाविद्यालयात शिकलेल्या एका स्त्रीने केली आणि प्रेक्षकांनी ती आदराने स्वीकारली, यात या घटनेचे सामाजिक महत्त्व सामावलेले आहे. सुशिक्षित घरांतील मुलींना या व्यवसायाची वाट त्यामुळे काहीशी सुकर झाली.

आरंभीच्या बोलपटांत संवाद व गाणी चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित करीत. १९३५ पासून पार्श्वगायनाची पद्धत रूढ होऊ लागली. तोपर्यंत कलावंताला अभिनय करीत असतानाच गावे लागे. ध्वनिग्राहकाच्या मर्यादेमुळे शब्द सुस्पष्ट व सुरात उच्चारणे आवश्यक असे. दुर्गाबाईंचा भारदस्त आवाज, स्वच्छ वाणी आणि दोन्ही भाषांवरील प्रभुत्व हे गुण या तंत्रास अनुकूल ठरले.

प्रभातच्याच माया मच्छिंद्र (१९३२) मध्ये त्यांनी स्त्रीराज्याच्या राणीची भूमिका केली. त्यानंतर कलकत्त्यास जाऊन देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी राजरानी मीरा (१९३३) व सीता (१९३४) हे चित्रपट केले. सीता व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. अमरज्योती (१९३६) या शांताराम दिग्दर्शित चित्रपटातील त्यांची सौदामिनी विशेष गाजली. स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारला गेल्याने राजसत्तेविरुद्ध बंड करून समुद्री चाचांचे नेतृत्व करणारी ही स्त्री तत्कालीन सोशिक नायिकांहून सर्वस्वी वेगळी होती. हा चित्रपटही व्हेनिस महोत्सवात दाखविला गेला.

त्या काळात कलावंत एकाच कंपनीचे मासिक वेतनावरील नोकर असत व त्यांना सहसा अन्यत्र काम करण्याची मोकळीक नसे. दुर्गाबाईंनी मात्र वेगवेगळ्या कंपन्यांशी स्वतंत्रपणे करार करून कामे केली. असे करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. साथी (१९३७) या चित्रपटाच्या द्वारे त्या निर्मितीच्या क्षेत्रातही उतरल्या.

नायिकेचे वय सरल्यावर अनेक अभिनेत्रींची कारकीर्द संपते; दुर्गाबाईंनी योग्य वेळी चरित्रभूमिकांकडे वळून ती तब्बल चार दशके वाढविली. आचार्य अत्रे यांच्या पायाची दासी (१९४१, हिंदी चरणों की दासी) मध्ये त्यांनी सुनेचा छळ करणारी सासू रंगविली. भरतभेट (१९४२, हिंदी भरत मिलाप) मधील कैकेयी व पृथ्वी वल्लभ (१९४३) मधील मृणालवती ह्याही त्यांच्या उल्लेखनीय भूमिका होत. मुगल-ए-आझम (१९६०) मध्ये पती व पुत्र यांच्या संघर्षात सापडलेल्या जोधाबाईची व्यथा त्यांनी संयमाने व्यक्त केली. बॉबी (१९७३) मधील आजी, अभिमान (१९७३) मधील मावशी आणि बिदाई (१९७४) मधील आई या भूमिकांमुळे त्या नव्या पिढीलाही परिचित झाल्या. बिदाईसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

रंगभूमीवरील त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांत त्यांनी भूमिका केल्या. त्यांपैकी भाऊबंदकीतील आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या मॅक्‌बेथवरून रचलेल्या राजमुकुट (१९५४) मधील नायिका या विशेष लक्षणीय होत. भारतीय जननाट्य संघाशीही त्यांचा संबंध होता. उत्तरायुष्यात त्यांनी अनुबोधपट व जाहिरातपट यांची निर्मिती केली. त्यांच्या संस्थेने निर्मिलेली वागले की दुनिया (१९८८) ही दूरदर्शन मालिका लोकप्रिय ठरली.

उंच बांधा, ताठ चालणे व करारी मुद्रा यांमुळे राणी, वीरांगना किंवा कर्तबगार गृहिणी या व्यक्तिरेखा त्यांना सहज शोभून दिसत. आरंभीच्या भूमिकांत तत्कालीन नाटकी अभिनयाची छाया आढळते. पुढे मात्र मोजक्या हालचाली व नेमकी शब्दफेक यांवर त्यांनी भर दिला. सोसणाऱ्या मातेच्या भूमिकेतही त्यांनी दीनवाणेपणा येऊ दिला नाही, हे त्यांच्या अभिनयाचे वैशिष्ट्य होय.

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९५८), पद्मश्री (१९६८) व दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३) हे सन्मान त्यांना लाभले. मी दुर्गा खोटे हे त्यांचे आत्मचरित्र प्रांजळ निवेदनामुळे वाचनीय झाले आहे. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला (२००६). बोलपटाच्या प्रारंभकाळातील कलावंतांचे जीवन समजून घेण्याच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहे. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ मध्ये भारत सरकारने काढलेल्या टपाल तिकिटांत त्यांच्या तिकिटाचाही समावेश होता.