कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई नको

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. अंबाजोगाईच्या आमच्या घरातला जुना कॉम्प्युटर विंडोज ११ घेईना, म्हणून आम्ही नवी एसएसडी बसवून तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं. अल्हम्दुलिल्लाह, छान चाललं. मग कुरकुरणारी जुनी हार्ड डिस्क काढली, आणि पडद्यावर एकच ओळ आली: बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

दुरुस्तीवाला म्हणाला, "चाचा, दोन्ही डिस्क फॉरमॅट मारून नव्याने टाकू." जुन्या डिस्कमध्ये अब्बांच्या २०१२ च्या हजचे आणि मरहूमा दादींचे फोटो होते. दुसरी प्रत नव्हती. ती चूक आमचीच. अम्मीने डिस्क उचलून सरळ कपाटात ठेवली. "आधी फोटो, मग तुमचं बूट!"

तिचं बरोबर होतं. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम आधी बूट लोडर शोधतो आणि लोडर पुढे सिस्टम उठवतो. लोडर सापडला नाही म्हणून फोटो पुसले जात नाहीत. आमची सिस्टम एसएसडीवर गेली, पण इन्स्टॉलरने लोडर पहिल्या, म्हणजे जुन्या डिस्कवर ठेवला. घर बदललं, किल्ली जुन्या खुंटीवरच राहिली.

मिंटच्या त्याच पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला. त्यासाठी चालू करताना एफ १२ दाबावं लागलं. काही कॉम्प्युटरवर एफ २, एस्केप किंवा डिलीट असतं. मिंट पेनड्राइव्हवरूनही चालतं. जुनी डिस्क जोडून आधी सगळे फोटो उतरवून घेतले, मग ती काढली. इंटरनेट लावून मिंटमधलंच 'बूट रिपेअर' चालवलं आणि लोडर एसएसडीवर बसला. इन्स्टॉल करतानाच जुन्या डिस्कची केबल काढली असती, तर हे झालंच नसतं.

याशिवाय सिस्टम यूईएफआय पद्धतीने टाकलेली आणि सेटिंग लेगसीवर असेल, तरीही हीच ओळ दिसते. आपल्याकडे वीज सारखी जाते, तेव्हा एक खूण लक्षात ठेवा: वीज गेल्यावर दर वेळी तारीख जुनी दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला आहे. अशा वेळी सेटिंगही मूळपदावर जाते आणि चालणारा कॉम्प्युटर अचानक अडतो. सेल बदलून तारीख आणि डिस्कचा क्रम पुन्हा लावावा.

आमची जुनी डिस्क अजून अम्मीच्या कपाटातच आहे. द्यायला ती तयार नाही.