नळीच्या कडेने उतरणारे जंतू

व्हेंटिलेटर रुग्णाला जगवतो. पण त्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी जंतूंनाही वाट करून देते. नळी घातल्यावर 48 तास उलटल्यानंतर होणाऱ्या न्यूमोनियाला डॉक्टर ‘व्हीएपी’ म्हणतात.

एरवी चुकून काही श्वासनलिकेत गेलं, की ठसका लागून ते बाहेर पडतं. गुंगीच्या औषधांनी हा पहाराच उठतो. नळीच्या खालच्या टोकाजवळ हवेने फुगवलेला छोटा फुगा असतो. त्याच्यावर लाळ साचते आणि फुग्याच्या बारीक सुरकुत्यांमधून थेंबाथेंबाने फुफ्फुसात झिरपते. नळीच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो तो वेगळाच. तिथे प्रतिजैविकांचं फारसं चालत नाही. त्यात आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला यांसारखे औषधांना न जुमानणारे जंतू आढळतात, म्हणून हा आजार इतका जिवावर बेततो.

बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये 86 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सपाट झोपवलेल्यांपैकी 23 टक्के जणांना तपासणीत सिद्ध झालेला न्यूमोनिया झाला. डोक्याकडची बाजू 45 अंश उचललेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होतं. अभ्यास लहान होता, तरी बिनखर्चाचा हा उपाय मला फार मोलाचा वाटतो. याशिवाय रोज ब्रशने दात घासणं, गुंगी कमी करून पाहणं आणि नळी शक्य तितक्या लवकर काढणं, हेही महत्त्वाचं.

आपलं माणूस व्हेंटिलेटरवर असेल, तर डोकं उंच ठेवलंय का, नळी कधी निघेल, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारा. आणि भेटायला जाताना हात धुवा.