धबधब्याचं पाणी येतं कुठून?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, पावसाळा लागला की वर्गात एकच विषय निघतो, "आम्ही धबधब्यावर जाणार!" मार्केट यार्डातून पौड, मुळशीमार्गे ताम्हिणी साधारण ६० किलोमीटर. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. जरूर जा. पण जाण्याआधी मुलांना पाणलोट क्षेत्र समजावून सांगा. पुस्तकात हा शब्द कोरडा वाटतो, मार्केट यार्डात मात्र तो डोळ्यांसमोर आहे.

जोराचा पाऊस असताना गाळ्यांच्या शेडकडे बघायला सांगा. लांबलचक पत्र्यावर पडलेलं सगळं पाणी पन्हळीत जमतं आणि एका पाइपातून धो-धो खाली येतं. पाइपाखाली पडणारं पाणी तिथल्या पावसाचं नसतं, ते अख्ख्या पत्र्याचं असतं. पाऊस थांबला तरी पाइप थोडा वेळ वाहतच राहतो. धबधबा म्हणजे हा पाइप, आणि वरचं पठार, डोंगरउतार म्हणजे पत्रा.

आता थोडं गणित. १ चौरस किलोमीटर उतारावर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं १ कोटी लिटर! म्हणजे १० हजार लिटरचे १ हजार टँकर. काही जमिनीत मुरतं, पण भर पावसाळ्यात जमीन आधीच भिजलेली आणि खाली काळा कातळ, मग बरंचसं पाणी ओढ्यातच उतरतं. ताम्हिणीत तर पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. ढग घाट चढताना रिकामे होतात, आपल्यापर्यंत उरलंसुरलं येतं.

म्हणूनच कुंडाजवळ ऊन पडलेलं असतानाही पाणी अचानक वाढू शकतं, कारण पाऊस वर, आपल्याला न दिसणाऱ्या जागी पडत असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलंही होती. "पोहता येतं" हे अशा पाण्यात कामाचं नाही. पाय निसटला की कातळावर आपटणं आधी होतं.

मुलांना खुणा पाठ करून घ्या: पाणी गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, की बॅग-चपला सोडून बाजूच्या उंच जागी चढायचं. ओढा ओलांडायचा नाही. पलीकडे अडकलात तर पलीकडेच थांबायचं, पाणी ओसरतं. आणि सेल्फीसाठी पाण्यात उतरणाऱ्या मोठ्यांना मुलांनीच हटकावं, त्यात उद्धटपणा काही नाही.

कुठे जावं? पिंप्री गावातून सुरू होणारी अंधारबनाची वाट सुंदर आहे. एका बाजूला कुंडलिकेची दरी, वर गच्च झाडी. पूर्ण वाट भिऱ्यापर्यंत साधारण १३ किलोमीटर उतरते, प्राथमिकच्या मुलांना ती झेपत नाही. सुरुवातीचा भाग चालून परत फिरा. जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात तर नेऊच नका, अशा वेळी प्रशासनाची बंदीही असते. सप्टेंबरअखेर ओढे वाहते असतात, जोर मात्र ओसरलेला असतो. तरी आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा, पिंप्रीत गावकऱ्यांना विचारा, आणि दुपारी तीनच्या आत परतीला लागा.

परत आल्यावर वहीत एकच चित्र काढायला द्या: धबधबा नको, त्याच्या वरचा डोंगर.